जमा बाजू

फाइल आली तेव्हा चार वाजून गेले होते,
कॅश बंद करायची वेळ.
रुजुता उपाध्ये, बी. फार्म., तिसरं वर्ष,
आणि तिच्यामागं तो मुबीन शिकलगार,
ज्याच्या फीचा हप्ता मी दोनदा पुढं ढकललाय.

विद्यार्थी समाजसेवा प्रकल्प, विषय आरोग्य.
मंजूर वीस हजार. पहिला हप्ता दहा.
दुसरा, विनियोग दाखला बघून.
एकतीस वर्षं राजारामपुरीतल्या या खिडकीमागं
मी दुसरं काय बघितलंय?

चष्मे, जवळचे, नग शहाऐंशी, दर पंच्याऐंशी.
अक्षरतक्ते दोन.
एसटीची तिकिटं, कोल्हापूर ते हुपरी आणि परत,
कोऱ्या कागदावर ओळीनं डकवलेली,
खळ अजून ओली.

"शहाऐंशीच का?"
"पैसे संपले, सर."
मुबीन म्हणाला, सत्त्याऐंशीवी पद्मिनी चौगुले होती.
शेजारणीचा चष्मा तिनं घालून बघितला,
पदरानं पुसून परत दिला.
"असू दे बाळा, मी अंदाजानं जोडते."

अंदाजानं.
पैंजणाची कडी मोहरीएवढी,
ती बत्तीच्या निळ्या जिभेपुढं धरायची,
डाग बसला की पुढची.
अठराव्या वर्षी हात बसतो,
आणि हात नीट बसला न बसला तोवर डोळा उठतो.
आमच्या गल्लीत चाळिशी म्हणजे चष्मा.
तिथं चाळिशी म्हणजे कमी मजुरी.
डॉक्टरकडं जायचं तर अख्खा दिवस बुडतो,
आणि बुडालेल्या दिवसाचं बिल
कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही.

यादीतली शेवटची ओळ पेन्सिलीनं होती:
चहा, कप अंदाजे दीडशे, बिल नाही.
"खोड हे," मी म्हटलं. "अल्पोपहार अमान्य आहे."
"खर्च नाही तो, सर. बायांनी पाजला आम्हाला."
रुजुता माझ्या वहीकडं बघत होती.
"जमा बाजूला घ्या."

पोरीला जमाखर्च कुणी शिकवला कोण जाणे.

आठ दिवसांनी प्राचार्यांकडं एक शेठ आले.
खुर्ची घेतली, पाणी घेतलं नाही.
म्हणाले, पोरांचं काम चांगलंय, पुण्याचं आहे,
पण बाया आता काट्यावरचा आकडा वाचायला लागल्यात.
वहीत घट किती धरली, कशी धरली, विचारतात.
काल एकीनं वही हातात मागितली.
"डोळ्यांबद्दल आमचं काही म्हणणं नाही, साहेब,"
असं तीनदा म्हणाले.

मग मला बोलावणं. दुसरा हप्ता जरा थांबवा.

थांबवणं मला येतं.
त्यासाठी नाही म्हणावं लागत नाही,
दोन शब्द पुरतात: पूर्तता करावी.
मग फाइल खालच्या ट्रेमध्ये जाते,
परीक्षा येते, पोरं पास होऊन जातात,
आणि मार्चअखेर निधी व्यपगत होतो,
कुणाचाही आवाज न होता.

पेन उचललं आणि अक्षर फिसकटलं.
चष्मा काढून पुसला.
सोनेरी काडीचा. याचं बिल कॉलेजनं दिलंय,
आणि याच्या आधीच्याचंही,
आणि दोन्ही वेळा मंजुरीला
एक दिवसही लागला नव्हता, कारण मंजुरीची टिप्पणी
मीच लिहिली होती.

नमुन्यात एक रकाना असतो, 'फलनिष्पत्ती, दोन ओळींत'.
पोरांनी लिहिलं होतं: जनजागृती झाली.
ते मी आडवी रेघ मारून खोडलं, वर आद्याक्षरी केली.
पहिल्या ओळीत लिहिलं,
शहाऐंशी बाया काटा वाचतात.
दुसरीत लिहिलं,
सत्त्याऐंशीवी अजून अंदाजानं जोडते,
सबब दुसरा हप्ता अदा व्हावा.

शेऱ्याची जागा कोरी ठेवली.
फाइल वरच्या ट्रेमध्ये.
तेवढ्यात आठवलं, परत काढली,
पेन्सिलीच्या ओळीवर शाई फिरवून
जमा बाजूला घेतली:
चहा, दीडशे कप.

रक्कम काय लिहायची ते सुचेना.
बघू, ऑडिटर काय म्हणतोय.