रांग

बाहेर उणे अकरा. प्लॅट नदी काठापासून काठापर्यंत गोठलीये
आणि वर्गातला हीटर
कुणी आत अडकल्यासारखा ठोकतोय.
खुर्च्या सात वर्षांच्या मुलांच्या मापाच्या.
त्यातल्या एकीवर सेबास्तियान इश्कोय,
गुडघे छातीपाशी, टोपी गुडघ्यावर.
कत्तलखान्यातून सरळ आलेत. घासून धुतलेल्या हातांना
अजून क्लोरीनचा वास.

फोनवरची दुभाषी बाई स्पॅनिश बोलते.
यांना ती बाजारापुरती येते.
घरात बोलतात ती किचे, आणि या अख्ख्या शाळेत
किचे आणि इंग्रजी दोन्ही येणारं माणूस एकच:
जिचा निकाल आहे ती.

म्हणून मिकाएला मधे उभी.

मी कागद त्यांच्याकडे फिरवते.
बाविसाभोवती वर्तुळ. निळ्या पेनाने;
लाल वापरायचं नाही, एवढं तेवीस वर्षांत शिकले.
त्यांचं बोट बाविसावर जातं. मग शंभरावर.
मग परत बाविसावर, आणि तिथेच राहतं.
नाही, मी म्हणते, हे टक्के नव्हेत,
अठ्ठ्याहत्तर चुकलं असा अर्थ नाही, हे पर्सेंटाइल,
म्हणजे देशभरातल्या तिच्या इयत्तेच्या मुलांशी तुलना केली तर...
इथे मी दर वर्षी अडखळते.
आईबापांपुढे शब्दांची ओली लाकडं रचत जाते
आणि धूर तेवढा होतो.

मिकाएला माझ्याकडे बघते.
गणिताच्या ठोकळ्यांचा डबा ओढते,
टेबलावर एकामागे एक लावत जाते, बोलत जाते,
मी म्हटलं त्याच्या तिप्पट.
एका पिवळ्या ठोकळ्यावर बोट ठेवते.
काय सांगितलंस?
"शंभर मुलं रांगेत आहेत. ही मी. माझ्या मागे बावीस.
पुढे खूप.
पण रांग चालतेय."

रांग चालतेय, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

मग वेग. मिनिटाला चोपन्न शब्द.
हे त्यांना भाषांतराआधीच कळतं;
त्यांच्या पट्ट्यावरही घड्याळ आहे,
मिनिटाला किती जनावरं, भिंतीवर लिहिलेलं.
ते डावा हात वर करतात. करंगळीला टोक नाही.
"पप्पा म्हणतात, घाई केली की असं होतं."

हो म्हणून टाकावं असं वाटलं मला.
खरं सांगते, फार वाटलं.
पण ओळीच्या शेवटाला पोचेतो तिच्या हातून
ओळीची सुरुवात सांडून गेलेली असते.
दोन स्वर शेजारी आले की ती थबकते,
गल्लीत अनोळखी कुत्री दिसावीत तशी.
आठवड्यातून चारदा, वीस मिनिटं, मी स्वतः बसेन तिच्याबरोबर.
हेही सांग, मिकाएला. गोड करू नकोस.

ती सांगते. आवाज बारीक होतो,
पण वगळत काही नाही. मी वडिलांच्या चेहऱ्यावरून ताडते.

आता ते बोलतात, बराच वेळ, कागदाकडे बघत.
ती एवढंच म्हणते: "पप्पा विचारतात, घरी काय करायचं."
ते मान हलवतात. एवढंच नव्हतं ते.
मग स्वतःच, बाजारातल्या त्या स्पॅनिशमध्ये,
एकेक शब्द टेबलावर ठेवत:
मला वाचता येत नाही.

मिकाएला बुटांकडे बघते.

ऐका फक्त, मी म्हणते. ती वाचेल तेव्हा शेजारी बसा.
पान संपलं की विचारा, काय झालं गोष्टीत?
किचेमध्येच विचारा. तिलाही किचेमध्येच सांगू दे.
ते विचारतात, आणि ती चुकीचं सांगत असली तर?
मी म्हणते, तुम्हाला कळेल.
ते हसत नाहीत, पण कागदाची चौघडी करून
टोपीच्या आत सरकवतात.

उठतात तर खुर्ची बरोबर उठते, कमरेला अडकलेली.
मिकाएला दोन्ही हातांनी ओढते, हसते,
आज संध्याकाळी पहिल्यांदाच सात वर्षांची दिसते.

दाराशी पुढची आई, कुशीत झोपलेलं बाळ.
मी ठोकळे डब्यात भरायला हात पुढे करते
आणि मागे घेते.
राहू दे ही रांग.