दुरुस्तीची जागा

एकोणीस वर्षं झाली, मला प्रत्येक बेटावरचे संडास पाठ आहेत.
कुठल्या बोटीवर कडी लागत नाही,
कुठल्या चर्चमागचं दार हिवाळ्यातही उघडं असतं,
मला विचारा.
बाकी, फुग्लाफ्योर्दुरमध्ये मी जाळी सांधते.
ट्रॉलरची. काळी, खारट, माणसाहून जड.

लोक म्हणायचे, मार्यून मनाला फार लावून घेते.
मोठ्या आतड्याला कसलं आलंय मन.
ते रक्त गाळायचं, इतकंच,
दिवसातून बारा वेळा,
मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा.

मग नवं औषध आलं, महिन्याला दोनदा मांडीत सुई,
आणि तीन वर्षं शांत गेली.
वाऱ्यावर वाळवलेलं मटण पुन्हा खाल्लं,
मेंढ्या हाकायला डोंगरावर गेले, मध्ये कुठेही न थांबता.
म्हणून यंदा तपासणीचं पत्र आलं
ते मी खिडकीतल्या कुंडीखाली सारलं.

सुन्वर परिचारिका फोनवर ओरडली नाही.
म्हणाली, आग विझली म्हणजे
काय काय जळलं ते मोजून झालं, असं नसतं.
दाहाला आठ वर्षं झाली की आम्ही बघायला लागतो.
तुझी एकोणीस.

आदल्या रात्री ते खारट लिंबासारखं पाणी, जगभर.
पहाटे समुद्राखालच्या बोगद्यातून गेलो,
मध्यावरच्या चौकात दिवे निळे, हिरवे,
नवरा म्हणाला, सुंदर आहे ना.
माझ्या पोटात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पडद्यावर मी.
जुन्या जखमांच्या जागा पांढरट, ताणलेल्या, चकचकीत.
ओळखलंच. शंभरदा सांधलेलं जाळं असंच दिसतं.
डॉक्टर दितलेव हळू बोलतात, डेन्मार्कचे आहेत:
पेशी मरते, शेजारची तिची नक्कल करून जागा भरते,
दाह असला की रात्रंदिवस हेच काम,
आणि घाईत कधीतरी एक अक्षर चुकतं.
पुढची ती चूक धरूनच उतरवून घेते.
मी गुंगीत होते, नाहीतर म्हणाले असते,
हे मला नका शिकवू.
एक घर वाकडं विणलं गेलं
की पुढची ओळ त्यालाच सरळ मानते.

त्यांनी निळा रंग फवारला.
एके ठिकाणी तो नीट बसेना.
चपटी जागा, मसुराएवढी.
गाठ?
गाठ नाही, ते म्हणाले. मग जरा थांबून, अजून.
आमच्या धंद्यात गाठीवरच पोट भरतं.
पस्तीस वर्षं हा शब्द बोटांत होता,
त्या दिवशी कुशीवर वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.

उत्तराला अठरा दिवस लागले.
कर्करोग नाही. पेशी वाकड्या, एकाहून जास्त ठिकाणी.
दर सहा महिन्यांनी बघत राहू,
किंवा मोठं आतडं पूर्ण काढू, बाहेर पिशवी.
दाह असलेल्या बहुतेकांना हे कधीच होत नाही,
हेही त्यांनी सांगितलं, प्रामाणिकपणे.
बहुतेक हा शब्द मी घरी आणून टेबलावर ठेवला.
नवरा त्याच्याभोवती जेवला.

सोमवारी माळ्यावर बार्दुर, वय सतरा,
एका जुन्या तुकड्यापुढे सुई भरून बसलेला.
तीच जागा, चौथ्यांदा.
मी डोळे मिटून हात फिरवला.
दोरा अजून धरत होता. मासा निसटला नसता.
या मोसमात तरी नाही.

सांधू का, त्याने विचारलं.

मी त्याच्या हातात सुरी दिली.
इथपासून, म्हणाले, चांगल्या घरापासून,
आणि हात राखून नको.

त्याला वाटलं मी रागावले आहे.