डगाल

तीस वर्षं आमचं भांडण एकाच गोष्टीचं.
हा जंगलखात्याचा आगपहारेकरी,
मी मोह वेचणारी.
मार्च लागला की मला झाडाखालचा पाचोळा जाळायचा असतो,
पडलेलं फूल दिसावं, साप दिसावा,
आणि याला कक्ष एकशे सत्तेचाळीसमध्ये
धूर दिसता कामा नये.

"पार्बता, तुह्या एका काडीनं
माही नोकरी जाईन."
"अन् तुह्या नोकरीनं
माह्या टोपलीत का पडते?"

त्या सकाळी तो जाळरेषा झाडून आला,
ओट्यावर बसला आणि म्हणाला,
"मले धावडा दे."
मी हसले.
त्यानं पुन्हा धावडा मागितला, चिडून,
डाव्या हातानं रांजण दाखवत.
उजवा हात मांडीवरून घसरला होता,
त्याला ते माहीत नव्हतं.

सोमजी कुळमेथेच्या मोटारसायकलवर
मधे तो, मागे मी,
दुपट्ट्यानं बांधून धानोऱ्याला,
तिथून गाडीनं गडचिरोलीला.

डॉक्टरीणबाई तरुण, सांगलीकडची असावी.
उजेडावर मेंदूचा फोटो धरला:
हा काळा भाग गेला.
भोवतीची ही धूसर कड
अजून जगायचं की नाही ते ठरवते आहे.

पुढचं मी विचारलं म्हणून सांगितलं.
रक्त अडलं की डोक्यातले पहारेकरी उठतात,
राईच्या दाण्यावर अख्खा बाजार भरेल इतके बारीक.
धावत येतात. सूज आणतात, दाह आणतात,
गडबडीत जिवंत शेजारही जाळतात.
"मग विझवा ना बाई," मी म्हणाले,
"सगळं थंड करून टाका."
तिनं फोटो खाली ठेवला.
सगळं विझवून चालत नाही, मावशी.
मेलेलं उचलायला तेच लागतात.
काही दिवसांनी त्यांच्यातलेच काही
आग आवरायला लागतात,
उरलेल्यांना जगवतात.
कसं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही.

तिला सांगितलं नाही, पण
मी काडी लावून घरी जात नाही.
आधी खोडाभोवतीचा पाला हातानं सारते,
मोहाच्या सालीला आच लागू देत नाही.
हिरवी डगाल तोडून बसते,
शेवटचा धूर जाईपर्यंत बसते.
वणवा पेटतो तो
काडी लावून निघून गेलेल्याचा.
हे मी याला तीस वर्षं सांगत होते,
हा म्हणायचा, आग ते आग.

सहा रात्री खाटेखाली फरशीवर झोपले.
त्याच्या कपाळावर हात ठेवायचे
आणि आत कोणी डगाल घेऊन बसलंय का
ते ऐकायला बघायचे.
काही ऐकू येत नाही.
जंगलात निदान धूर तरी दिसतो.

काळं ते काळंच राहिलं.
कडेचं थोडं परत आलं, त्याच्या मर्जीनं, उलटसुलट:
आधी बिजा आला, मग येन, मोवई, चार,
मग साहेबाचं आडनाव,
मग मी, पावसाळ्याच्या शेवटी, एकदाची.
पाणी आलंच नाही.
आमच्या घरी आता रांजणात धावडा भरतात.
नातवंडं शाळेतही तसंच मागतात,
आणि मार खातात.

यंदा मोहाखाली तो सोबत आला.
पाय ओढत, दोनदा थांबून.
मी खोडाभोवतीचं सारलं. काडी ओढली.
ज्वाळ पाचोळ्यावरून वितभर उंच चालू लागली,
चर्र चर्र करत, अगदी सावकाश.
त्यानं माझ्या हातातून डगाल घेतली,
डाव्या हातानं, हिसकूनच,
आणि आगीकडे तोंड करून बसला.

बराच वेळ गेला.
"नोकरी," तो म्हणाला.

कोणता शब्द म्हणायचा होता
ते मी विचारलं नाही.
धूर अजून होता.