सुरगाठ

होडी सुटली, असंच आम्ही म्हणत आलो.
सुटली, वाहत गेली, खडकावर फुटली.
बरं असतं अशा क्रियापदांचं,
त्यांना माणूस लागत नाही.

फॅरो बेटांवरचं आमचं चाळीस उंबऱ्यांचं गाव,
झाड एकही नाही. लपायला जागा
फक्त एकमेकांच्या मागे.

होडी बार्दूरची, छोटी, डांबर पाजलेली,
बापाकडून आलेली.
त्या गुरुवारी मी ती मागून नेली होती.
अंधार पडल्यावर परतलो, तळात चौदा कॉड,
बोटं गारठून लाकूड झालेली,
घरी चुलीवर मटणाचं सूप.
निरगाठ मारायची तिथं सुरगाठ मारली.
पहाटे येऊन नीट करू, म्हटलं.
पहाटे माझ्याआधी वारा उठला.

बोटघरात सगळे जमले. ओल्या लोकरीचा वास.
कुणी म्हणालं, असा वारा आजोबांनीही पाहिला नसेल.
कुणी म्हणालं, दोर विकणाऱ्यानं फसवलं,
नायलॉन आहे, घसरणारच.
त्रोंदूर म्हणाला, धक्क्यावरची कडी गंजून तीन वर्षं झाली,
साहेबांना पाच पत्रं लिहिली मी, पाच.
सगळंच खरं होतं.
म्हणून तर सोपं होतं.

पण वाऱ्याला डोकं नसतं,
साहेबांचं डोकं फार लांब,
आणि खापर फोडायला
हाताशी डोकं लागतं.

मार्यून म्हणाली, संध्याकाळी एयुन खेळत होता तिथं.

अकरा वर्षांचा, विधवेचा पोरगा,
बाहीला नाक पुसत दाराशी उभा.
सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्याला कुणी बोट लावलं नाही. आम्ही सभ्य माणसं.
फक्त धक्क्यावर तो आला
की कुणीतरी उठून आपला दोर तपासून यायचं.
नव्या होडीसाठी मी बार्दूरला पैसे दिले,
शेजारधर्म म्हणून.
त्यानं मला मिठी मारली.
ती अजून अंगावरून उतरली नाही.

एयुन सतराव्या वर्षी डेन्मार्कला गेला.
परवा आला, आईला पुरायला.
दाढी पांढरी, चष्मा, शांत आवाज.
लोक पांगल्यावर मी त्याच्या स्वयंपाकघरात बसलो
आणि म्हणालो, ती गाठ माझी होती.
एवढंच. एवढ्यालाच
एकेचाळीस वर्षं लागली.

मला वाटलं होतं, चिडेल. रडेल. निदान उठेल तरी.
तो म्हणाला, नाही हो,
मीच सोडली होती.
ओला दोर आठवतो मला, तळहाताला झोंबणारा.
होडी जराशी हलली, ते आठवतं.
मुलांनाही सांगितलंय मी,
चूक कबूल करायची असते, असं शिकवताना.

मी परत म्हणालो, माझी होती.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जणू मी म्हाताऱ्या वयात
त्याचं काहीतरी उचलून न्यायला आलोय.

टेबलावर फुलांच्या पुड्याची सुतळी पडली होती.
ती मी खुर्चीच्या पायाला बांधली,
तशीच, घाईत, त्या रात्रीसारखी.
ओढून बघ, म्हटलं.

त्यानं बराच वेळ
हात लावला नाही.