फळा

शाहूपुरीत, व्यापारी संघाच्या फळ्यावर आज लिहिलं:
शनिवारी सहाला वार्षिक सभा. उपस्थिती प्रार्थनीय.
चहा-भडंग आहे.
(हे नको म्हणाले सेक्रेटरी.
तरी लिहिलं. नाहीतर कोरम होत नाही.)

त्याखाली रक्तदान शिबिर, उद्यमनगर.
मागल्या खेपेला लेथवरची पोरं
हाताचं काळं ग्रीस तसंच घेऊन आडवी झाली,
नर्सबाईंचे स्पिरिटचे बोळे संपले.

मग हावळ अण्णांची चिठ्ठी आली:
'सभासदत्व रद्द करावे. पेढी बंद.'
एवढंच.
चाळीस वर्षं गुळाच्या रव्याला
नुसतं बोट लावून भाव सांगणारा माणूस,
अक्षर मात्र किरटं.

आता हे कुठं लिहू?
अभिनंदनात बसत नाही,
दुःखद निधनातही नाही.
खडू धरून उभा राहिलो.

तेवढ्यात अण्णाच जिना चढून आले.
चष्मा कपाळावर सारून फळा वाचला,
म्हणाले, "भडंग कुणाकडनं?"
मी नाव सांगितलं.
"छ्या! तेल वास मारतंय त्याचं. मी आणतो."

खाली वीतभर जागा उरली होती.
तिथं काही लिहिलं नाही.
वर जाऊन फक्त
'सहाला' पुन्हा एकदा गिरवलं.