पुढच्या खेपेला

तुरिड जिथे पीठ मोजते त्या तराजूवर
मी माझे पायमोजे ठेवतो.
लोकरीचा जोड: ब्याण्णव ग्रॅम.
चाकू: एकशे चार. तो बहुतेक राहील.
वहीत लिहितो, चष्मा वर सरकवतो, खोडतो.
"निवृत्तीला अजून सत्तेचाळीस दिवस आहेत," तुरिड म्हणते,
"आणि टेबल आत्ताच गेलं माझ्या हातचं."

चौतीस वर्षं मी एकच खाडी ओलांडली.
या काठावरून त्या काठाला, दिवसाला बावीस खेपा.
कुणी हिशेब मांडला तर पृथ्वीला फेऱ्या होतील,
पण गेलो कुठेच नाही.
गाड्या चढल्या, गाड्या उतरल्या,
लोक लग्नांना गेले, दवाखान्यात गेले,
एकदा एक बाई डेकवरच बाळंत होता होता राहिली,
आणि मी दोर सोडला, दोर बांधला.
आता पूल होतोय. खांब उभे राहिलेत पाण्यात
बगळ्यांसारखे, कसलीच घाई नसलेले.
एकाच दिवशी सुटणार आम्ही दोघं, बोट आणि मी.

पहिल्यांदा चाललो तेव्हा अठ्ठेचाळीसचा होतो.
ऑस्लोहून निदारोस, सहाशे चाळीस किलोमीटर,
खिशात बत्तीस दिवसांची रजा.
कुत्रं मागे लागावं तसा चाललो.
वाटेवरचे दगड सांगायचे किती उरलं,
मी मनात भागाकार करायचो.
डोव्हरेच्या माळावर धुकं उतरलं,
सोबतचा जर्मन पोरगा म्हणाला, थांबू या,
धुकं फाटलं की कस्तुरी-बैल दिसतील.
मी म्हणालो, तू थांब.
निदारोसला पोहोचलो एक दिवस आधी.
कॅथीड्रलच्या भिंतीवरच्या दगडी संतांनी माझ्याकडे पाहिलं,
बोटीतून उतरणाऱ्या गाड्यांकडे मी पाहतो तसं.
मला काही झालं नाही.
अंगठ्याचं नख तेवढं काळं पडलं होतं.
पायरीवर बसून परतीच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचलं.

तुरिडला हे कधी बोललो नाही.
तिला फोटो दाखवले.

फोटोत नाही ते असं:
रिंगेबूच्या पुढे, चढावरच्या एका शेतघरापाशी
एक म्हातारी बाकावर बटाटे सोलत होती.
गुनवोर, नाव तिनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
दुसरा चाकू पुढे करून म्हणाली,
बस की जरा. दोघांनी सोलले तर लवकर होतील,
जेवूनच जा.
मी उभ्यानेच पाणी प्यालो.
पुढच्या खेपेला, म्हणालो.
बोटीवरच्या माणसाच्या तोंडात हे सहज येतं,
एक चुकली तर पुढची असतेच.
तिने तो चाकू फडक्याला पुसला, खाली ठेवला.

मुलीने नकाशा पाठवलाय.
बाबा, या वेळी स्वीडनकडून जा, रस्ता नवा आहे,
गुडघ्यांना सोपा. तोच तो चढ पुन्हा कशाला?
मी हो हो म्हणतो. नकाशा सुंदर आहे, तळ्यांनी भरलेला.
गुनवोर तेव्हाच ऐंशीची असेल,
त्याला झाली एकोणीस वर्षं.
मला गणित येतं.
पण बाक असेल. बाक नसला तर बाकाची जागा असेल.
तिथे अर्धा दिवस बसायचं, एवढंच ठरलंय,
बाकी सगळं अजून वहीत खाडाखोड.

काल दिवसांचा तक्ता आखला:
पहिला दिवस, चोवीस किलोमीटर, निघणे सहा चाळीस.
तुरिडने कागद उचलून तराजूवर ठेवला.
"पाच ग्रॅम," म्हणाली. "हा राहू दे घरी."

मग मी तिला बटाट्यांचं सांगितलं.
संतांचंही. नखाचंही.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग कोपऱ्यातली टोपली माझ्यापुढे सरकवली.
"साल फार जाड काढतोस तू," म्हणाली.
"सत्तेचाळीस दिवस आहेत. सराव कर."

रात्री वही उघडली.
चाकू: एकशे चार ग्रॅम.
खोडलेल्या ओळीच्या खाली पुन्हा लिहिलं.