शिवण

मोजे मी उलटे घालतो.
करंगळीजवळची शिवण दिवसभर बोलत राहते,
ट्रेझरीत बिलं तपासताना मग
दुसरं काही ऐकू येत नाही.
"काहून बे गजभिये, उलटे मोजे?"
घाईत घातले, म्हणतो.
एकोणीस वर्षं घाईतच आहे.

उन्हाळ्यात बरं असतं.
कूलरसमोरची कोटा फरशी,
वाळ्याचं पाणी ठिबकून ओली झालेली,
तिच्यावर तळवे टेकले
की कोणाशी भांडण उरत नाही.

पण आज जानेवारी. मानेवाड्यात सहा डिग्री.
ऑटोवाला भोंगा वाजवतोय
आणि श्रावस्ती पायरीवर बसून रडतेय,
एक बूट हातात.
"टोचते."
झटकून पाहिला. खडा नाही, कुसळ नाही.
आई आतून म्हणते, नाटकं आहेत.
माझ्या वेळीही हेच म्हणाली होती,
टाच बुटात कोंबता कोंबता.

मी खाली बसतो.
मोजा उलटा करतो,
हळू चढवतो, टाचेवर टाच.
ती दोनदा पाय आपटून बघते.
मग माझ्या पायांकडे.
"बाबा, तुमचे पण?"

भोंगा पुन्हा वाजतो.
दुसरा पाय अजून बाकी आहे.